खिडकीचा एसी घेताना: तारे मोजण्याआधी लेबल वाचा

दुकानात खिडकीचा एसी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "थ्री स्टार दाखवू की फाइव्ह स्टार?" या प्रश्नाचं उत्तर घाईनं देऊ नका. तारे हा फक्त सारांश आहे. खरी माहिती त्यांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती वाचायला दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. खिडकीच्या एसीचे पाच तारे आणि स्प्लिटचे पाच तारे एकच नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, दोघांसाठी वेगळे तक्ते वापरतो. जुलै 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात स्प्लिटला नुसते तीन तारे मिळवायला कार्यक्षमतेचा आकडा (आयएसईईआर, तो पुढे समजावला आहे) किमान 3.80 लागत होता, तर खिडकीच्या एसीला साडेतीनच्या आसपासच पाच तारे मिळत होते. थोडक्यात, पाच ताऱ्यांचा खिडकी एसी तीन ताऱ्यांच्या स्प्लिटपेक्षाही जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून खिडकीच्या एसीची तुलना फक्त दुसऱ्या खिडकीच्या एसीशीच करा.

हा फरक पडतो कशामुळे? एसी थंडी 'तयार' करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती बाहेर टाकण्याचं काम मागच्या कॉइलचं, म्हणजे कंडेन्सरचं. ही कॉइल जितकी मोठी, तितका कंप्रेसरवरचा ताण कमी. स्प्लिटचं बाहेरचं युनिट हवं तेवढं मोठं करता येतं. खिडकीच्या एसीला मात्र साधारण 26 इंच रुंद आणि 17 इंच उंच खोक्यात सगळं बसवावं लागतं. कंप्रेसर, दोन्ही कॉइल, ब्लोअर, मागचा पंखा, सगळं त्यातच. त्यातही गरम आणि थंड भागांच्या मध्ये फक्त एक पातळ पडदी असते.

मग तो घ्यावाच कशाला? भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी याहून सोयीचं यंत्र नाही. घर बदलताना तांब्याचे पाइप काढणं, गॅस गोळा करणं, पुन्हा भरणं ही कटकट नसते. स्क्रू सोडवायचे, खोका उचलायचा, निघायचं. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत खिडकीखाली एसीसाठी खाच बांधलेलीच असते, आणि काही सोसायट्या बाहेरच्या भिंतीवर स्प्लिटचं युनिट टांगू देत नाहीत. किंमतही सहसा कमी असते. ही कारणं तुमच्या घराला लागू होत असतील तर पुढे वाचा. लागू होत नसतील आणि एसी रोज रात्रभर चालणार असेल, तर स्प्लिटचाच विचार करा, विजेत पैसे वाचतील.

लेबलवरचे तीन आकडे

पहिला आकडा कूलिंग कपॅसिटीचा, वॅटमध्ये. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, म्हणजेच सुमारे 3,517 वॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. 'टन' हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आला: एक अमेरिकन टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी. या हिशोबानं दीड टनाचे जवळजवळ 5,275 वॅट व्हायला हवेत. पण 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन मशीनचे आकडे बघा. एकावर 4,800 असेल, दुसऱ्यावर 5,100. दुकानदार दोन्हींना दीड टनच म्हणतो. तुम्ही मात्र वॅट विचारा.

दुसरा आकडा आयएसईईआर. एका हंगामात एसीनं किती उष्णता बाहेर टाकली आणि त्यासाठी किती वीज खाल्ली, याचं हे गुणोत्तर. 3.5 म्हणजे एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. हा आकडा काढताना बाहेरचं तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान बदलत राहतं असं धरतात, म्हणून नुसत्या एका तापमानाला केलेल्या चाचणीपेक्षा तो आपल्या हवामानाच्या जवळ जातो.

तिसरा आकडा वर्षाला किती युनिट, आणि लोक हाच सगळ्यात चुकीचा वाचतात. तो वर्षाला 1,600 तास एसी चालला असं धरून काढलेला असतो. तुमच्याकडे किती तास चालतो, त्यानुसार तो कमी-जास्त करून घ्यावा लागतो.

लेबलवर मुदतही छापलेली असते. तिच्याकडे नक्की बघा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मशीनचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांएवढे नसतात. शंका आली तर बीईईच्या 'स्टार लेबल' या मोबाइल अॅपवर मॉडेल शोधून आकडे जुळवा.

पाच ताऱ्यांचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

उत्तर तुमचे तास आणि तुमचं वीजबिल या दोन गोष्टींवर ठरतं.

आधी बिल. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500, आणि त्यापुढे. टप्पा चढला की दर चढतो. समजा, एसीशिवाय तुमच्या घरात महिन्याला 220 युनिट लागतात. दीड टनाचा साधा खिडकी एसी रात्री आठ तास चालवला आणि कंप्रेसर अधूनमधून थांबत राहिला, तर एका रात्रीत साधारण सहा युनिट होतात, महिन्याचे 180. यातले पहिले 80 युनिट 300 च्या आत बसतात, पण उरलेले 100 थेट वरच्या, महाग टप्प्यात जातात. म्हणजे एसीची वीज ही घरातली सगळ्यात महाग वीज. बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटनं भागून जो सरासरी दर येतो, तो इथे उपयोगाचा नाही. बिलावर ज्या टप्प्यात तुमचे शेवटचे युनिट पडतात, तिथला दर घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा आणि वर 16 टक्के वीज शुल्क लावा. तो तुमचा खरा दर.

आता तास. दोन मशीन घेऊ, कूलिंग सारखंच. 'अ' तीन ताऱ्यांचं, लेबलवर 1,220 युनिट. 'ब' पाच ताऱ्यांचं, 1,080 युनिट, आणि किंमत 5,000 रुपयांनी जास्त. 1,600 तासांत फरक 140 युनिटचा. खरा दर 13 रुपये धरू.

मुंबई-ठाण्यात मार्च ते जून, मग पावसाळ्यातल्या दमट रात्री आणि ऑक्टोबर हीट, असे 180 दिवस रोज आठ तास एसी चालतो असं धरा. ते झाले 1,440 तास. फरक 126 युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे 1,640 रुपये. तीन वर्षांत जास्तीचे पैसे परत, पुढची सगळी वर्षं फायद्याची.

पुण्यात किंवा साताऱ्यात उन्हाळ्याचे 80 दिवस रोज सहा तास धरले तर 480 तास. फरक फक्त 42 युनिटचा, साडेपाचशे रुपयांच्या आसपास. पाच हजार वसूल व्हायला नऊ वर्षं लागतील. अशा घरानं तीन तारे घेऊन उरलेले पैसे चांगल्या वायरिंगवर आणि खिडकीच्या पडद्यांवर खर्च करावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा. इन्व्हर्टर खिडकी एसीलाही हाच हिशोब लावा. तो कंप्रेसर बंद-चालू करण्याऐवजी हळू चालवतो, त्यामुळे लांबच्या रात्रींना आणि स्थिर तापमानाला चांगला, सुरू होताना दिव्यांची उघडझापही होत नाही. पण 'इन्व्हर्टर' हा शब्द बघून पैसे देऊ नका, आयएसईईआर बघून द्या. सर्किट बोर्ड बिघडला तर खर्चही मोठा येतो, म्हणून पीसीबीची वॉरंटी किती वर्षांची ते वेगळं विचारा. कंप्रेसरची वॉरंटी ठळक छापलेली असते, पीसीबीची नसते.

किती टन?

ढोबळ माप असं: 100 ते 120 चौरस फुटांपर्यंत एक टन, 120 ते 180 ला दीड टन, त्यापुढे 250 पर्यंत दोन टन. छत दहा फुटांचं, खोलीत दोन माणसं, वर दुसरा मजला, असं धरून हे माप आहे. वर तापलेला स्लॅब असेल, पश्चिमेला मोठी खिडकी असेल किंवा खोलीत चार माणसं झोपत असतील, तर एक पायरी वर जा. बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट उष्णता सोडतो.

मात्र 'असू दे मोठाच' हा हिशोब कोकणात आणि मुंबईत अंगाशी येतो. गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली पाच मिनिटांत थंड करून कंप्रेसर बंद करतो. तेवढ्या वेळात हवेतल्या वाफेला कॉइलवर पाणी होऊन निथळायला वेळच मिळत नाही. खोली थंड पण चिकचिकीत राहते, मग माणूस रिमोट 20 वर आणतो, बिल वाढतं आणि घाम काही सुकत नाही.

विदर्भात उलट अडचण. लेबलवरचे वॅट बाहेर 35 अंश असताना मोजलेले असतात. चंद्रपूर किंवा नागपूरला पारा 45 च्या वर गेला की तेच मशीन कमी उष्णता बाहेर टाकतं आणि वीज जास्त खातं. तिथे मापात थोडा हात सैल ठेवावा, आणि किती अंशांपर्यंत मशीन बंद न पडता चालेल, तो आकडा माहितीपत्रकात बघावा. तिथल्या कोरड्या मे महिन्यात वाळ्याचा कूलरही उत्तम काम करतो आणि वीज फारच थोडी खातो. पण कूलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो.

बसवताना जाणारी वीज

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. चांगलं मशीन वाईट बसवलं तर त्याचे तारे दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत.

एसीच्या बाहेरच्या भागाच्या दोन्ही बाजूंना आणि वर जाळीदार फटी असतात. मागचा पंखा तिथून हवा आत ओढतो आणि कंडेन्सरमधून मागे फेकतो. जाड भिंतीच्या खाचेत मशीन खूप आत ढकललं की या फटी विटांच्या मागे दडतात. हवाच मिळत नाही, कंडेन्सर तापतो, कंप्रेसर जास्त करंट ओढतो आणि दुपारी ऐन उन्हात ट्रिप होतो. लोक म्हणतात गॅस गेला. गॅस जागेवर असतो, गुदमरलेला असतो तो एसी. म्हणून मशीन घेण्याआधी भिंतीची जाडी मोजा आणि माहितीपत्रकातल्या चित्रात फटी पुढच्या पट्टीपासून किती इंचांवर आहेत ते बघा. त्या पूर्णपणे भिंतीबाहेर याव्यात. मागेही मोकळी जागा हवी. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत एसीचं तोंड उघडलं, तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत बसतो.

मशीन बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, साधारण एक सेंटिमीटर. गवंड्याची पाणसळ एसीवर ठेवली तर बुडबुडा खोलीच्या बाजूला सरकायला हवा. उतार आतल्या बाजूला झाला तर पाणी भिंतीवर आणि गादीवर ठिबकतं. फार उतार दिला तरी बिघडतंच, आणि त्याचं कारण कळलं की या यंत्राबद्दल आदर वाटतो. बऱ्याच खिडकी एसींच्या मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं. पुढच्या कॉइलवरून निथळलेलं थंड पाणी तळाच्या ट्रेमध्ये साचतं, ते कडं त्यात बुडतं आणि पाणी उडवून गरम कंडेन्सरवर फेकतं. पाण्याची वाफ होताना कंडेन्सर थंड होतो, फुकटात. पावसाळ्यात ऐकू येणारा तो 'छप-छप' आवाज म्हणजे बिघाड नव्हे, बचत आहे. आवाज बंद करायला ट्रेला भोक पाडू नका, मशीन प्रमाणाबाहेर कलवूही नका. जास्तीचं पाणी जाण्यासाठी मागे नळीची जागा असते. तिथे नळी जोडून ती गटारापर्यंत न्या, खालच्या मजल्यावरच्या छज्ज्यावर सोडू नका.

खिडकीच्या चौकटीत उरलेली फट नुसत्या पुठ्ठ्यानं किंवा थर्माकोलच्या तुकड्यानं झाकणं म्हणजे खिडकी अर्धवट उघडी ठेवणं. प्लाय किंवा अॅक्रिलिकची पट्टी मापानं कापा, कडेनं फोमची पट्टी चिकटवा, बाहेरून सिलिकॉन भरा. मग पंखा बंद करून, एसी चालू असताना पेटती उदबत्ती फटीजवळून हळूहळू फिरवा. धूर जिथे झपकन वळतो, तिथे अजून गळती आहे. पुढच्या पॅनेलवर 'व्हेंट' किंवा ताजी हवा असं लिहिलेली एक छोटी दांडी असते, तीही बंद ठेवा. खोलीतला कोंदट वास घालवायचा असेल तेव्हा पाच-दहा मिनिटं उघडा.

वजन 50 किलोच्या घरात जातं, तेव्हा नुसत्या खिडकीच्या चौकटीवर भार टाकू नका. खाली लोखंडी अँगलची फ्रेम आणि मध्ये रबरी पट्ट्या हव्यात. रबर नसेल तर रात्री सगळी खिडकी थरथरते.

विजेचं थोडक्यात: बोर्डापासून स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचं पक्कं सॉकेट, 'सी' प्रकारचा 20 अँपिअर एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग. साधा कंप्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून एमसीबी 'सी' प्रकारचा. तासभर एसी चालवून प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर सॉकेट सैल आहे, लगेच बदला. व्होल्टेज सारखं खाली-वर होणाऱ्या गावात दीड टनाला 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा.

रोजच्या वापरात

बीईईच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू होताना आपोआप 24 वर येतात. तिथून 26 वर न्या आणि छताचा पंखा एक-दोनवर ठेवा. पंख्याची वीज किरकोळ, गारवा मात्र 24 चा लागतो. 18 वर ठेवल्यानं खोली लवकर थंड होत नाही. साध्या एसीचा कंप्रेसर एकाच वेगानं चालतो, तो फक्त थांबायचं विसरतो.

पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. जाळी तुंबली की कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ दिसला तर एसी बंद करून फक्त पंख्यावर चालवा, चाकूनं खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर मशीन गेलंच समजा. समुद्रापासून जवळ राहत असाल तर कंडेन्सर तांब्याचा आणि पत्र्यांवर गंजरोधक थर असलेला घ्या, आणि मागची कॉइल वर्षातून दोनदा साध्या पाण्यानं धुवून घ्या. खाऱ्या हवेत उघडे अॅल्युमिनियमचे पत्रे काही वर्षांतच पिठासारखे हातात येतात.

ठीक चाललं आहे का हे घरी तपासायचं असेल तर एसी पंधरा मिनिटं चालवून साधा थर्मामीटर आधी जाळीसमोर आणि मग थंड हवेच्या झोतात धरा. 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर यंत्रणा ठीक आहे. दमट हवेत फरक 8 च्या जवळ राहतो, घाबरू नका.

फरक त्याहून फारच कमी असेल आणि जाळी, कॉइल स्वच्छ असेल, तरच गॅसचा संशय घ्या. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे ऐकलं की सावध व्हा. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-32 असतो. जुन्या आर-22 पेक्षा तो हवामानाला कमी घातक आहे, ओझोनला इजा करत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे. त्यामुळे मेकॅनिकला आधीच विचारा: गळती कशी शोधणार, व्हॅक्यूम पंप आणला आहे का, आणि गॅस वजन करून भरणार का. किती ग्रॅम भरायचा ते मशीनच्या बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. वजनकाटा न आणता नुसत्या अंदाजानं भरणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा.